बानाबाई दारात मावेना

इंजिन दारातून बाहेर जाणार नाही, हे सगळ्यात आधी शालूच्या ध्यानात आलं.

चहाचा ट्रे घेऊन ती बाहेरच्या खोलीत येत होती. चौकटीला कोपर लागलं, कप हिंदकळले. तिनं वर बघितलं. आधी चौकटीकडं, मग खोलीच्या मधोमध लोखंडी घोडीवर बसवलेल्या इंजिनाकडं, मग पुन्हा चौकटीकडं. अजिनाथ, तिचा नवरा, फडकं घेऊन इंजिन पुसत होता, नवरदेवाची घोडी सजवावी तसा. आज रविवार होता आणि आज ते पहिल्यांदा चालू व्हायचं होतं.

"अहो," शालू म्हणाली, "हे बाहेर कसं न्यायचं?"

"कसं म्हंजे? आलं तसं जाईल."

"आलं तव्हा मोकळं ढाकळं होतं. तुकड्यातुकड्यानं आलं. आता सगळं एक झालंय."

अजिनाथ हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं टेप काढला, इंजिन मोजलं, दार मोजलं. मग टेप उलटा धरून दार पुन्हा मोजलं, जसं काही त्या बाजूनं मोजल्यावर ते रुंद भरणार होतं.

कोपऱ्यात घोंगडी अंथरून बसलेल्या केरबानं, शालूच्या सासऱ्यानं, विचारलं, "काय झालं रं?"

"काय नाय, आबा. दार लहान झालंय."

"दार कसं लहान व्हईल? तूच येड्यावानी मोठं करून बसला त्याला."

ते खरंही होतं. अजिनाथला ट्रकात जास्त ताकद पाहिजे होती आणि ताकद काही हवेतून येत नसते. ती कशात तरी मावावी लागते.

ट्रकचं नाव बानाबाई. केरबानं निम्मी मेंढरं विकून तो घेतला तेव्हा कपाळावर बायकोचं नाव घातलं होतं, पिवळ्या रंगात, दोन्ही बाजूंना मोर. त्या दिवसापासून घरात कोण कुठल्या बानाबाईबद्दल बोलतंय याचा घोळ सुरू झाला तो आजतागायत. "बानाबाई लई धूर सोडायली," असं पोरं म्हणाली की खरी बानाबाई चुलीपुढून ओरडायची, "मग फुकणी तुम्ही धरा!"

मागच्या वर्षी मेंढरं भरून खुलताबादला चालले असताना ट्रकानं घाटात जीव सोडला. आत काहीतरी कडाडलं, आणि पिस्टनचा लोखंडी दांडा इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला. काळं तेल रस्त्यावर वाहत गेलं. मेंढरं खाली उतरवून पायी हाकावी लागली. ट्रक ओढून वर न्यायला दुसरी गाडी येईपर्यंत मेंढरं वर पोचून चरायलाही लागली होती. त्या दिवशी ट्रक अजिनाथचा धाकटा भाऊ रामेश्वर चालवत होता. अजिनाथ म्हणाला, "गरम झालेली गाडी तू रेटली." रामेश्वर म्हणाला, "तेल बघायचं काम तुझं होतं." अजिनाथला इंजिन नवं करायचं होतं, रामेश्वरला ट्रक भंगारात घालायचा होता. शब्दानं शब्द वाढला, आणि दिवाळी व्हायच्या आत रामेश्वरनं चिकलठाण्याच्या त्या घराच्या बाहेरच्या खोलीत मधोमध विटांची भिंत उभी केली. स्वतःच्या हातानं, रजा काढून. मोठं दुहेरी दार त्याच्या बाजूला गेलं, बारकं दार अजिनाथकडं राहिलं. टीव्ही तिकडं गेला म्हणून बानाबाईही तिकडं गेली. फुटकं इंजिन इकडं आलं म्हणून केरबा इकडं राहिला.

फुटकं इंजिन घरात आणायचा हट्टही केरबाचाच. गॅरेजवाला दुरुस्तीला चार चांगली माणसं लावायला तयार होता, पण म्हातारा ऐकेना. "आजारी मेंढरू रातच्याला परक्याच्या दारी ठेवतो का आपण? घरात घेतो. माझ्या डोळ्यापुढं आणा." मग ते इंजिन सुट्टं करून आणलं. भंगार बाजारातून दुसरा धड ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं पोट, आला, त्यात नवे पिस्टन बसले, आणि केरबा रोज संध्याकाळी त्याच्यावर भंडारा टाकून कपाळाला हात लावायचा. इंजिनाला कपाळ कुठलं हे त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

ताकदीचं गणित मृण्मयीचं. समोरच्या नव्या इमारतीत राहणारी ही मुलगी एका कारखान्यात इंजिनांच्या चाचण्या घ्यायची. कुतूहलानं एकदा आत डोकावली आणि मग दर रविवारी येऊ लागली. टर्बो बसवायचा, म्हणजे इंजिनाला जास्त हवा मिळेल. हवा थंड करायला इंटरकूलर लावायचा. डिझेलचा पंप मोठा घ्यायचा. आणि एवढा दाब सोसायला आतलं सगळं दमदार पाहिजे. तिनं जे सांगितलं ते अजिनाथनं जसंच्या तसं केलं. दारं मोजायला मात्र तिनं सांगितलं नव्हतं.

तीही आता आली. आल्याआल्या तिनं एक फेरी मारली, खाली वाकली, मग शालूच्या मागं स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, अहो सोपं आहे," ती हळूच म्हणाली. "टर्बो आणि त्याच्या खालचा पाइप काढला तर ते या दारातून आरामात जाईल. बाहेर नेऊन परत बसवायचं. दुपारपर्यंत होईल."

शालूचा हात साखरेच्या डब्यात थांबला.

"हे कुणापुढं बोललात?"

"नाही. आत्ताच लक्षात आलं."

"मग नका बोलू."

मृण्मयी तिच्याकडं बघत राहिली. शालूनं आवाज आणखी खाली घेतला. "आमच्या आत्याबाई तिकडं आन मामा इकडं. दिवसभर दोघंबी भिंतीला पाठ लावून बसत्यात. हे इकडून म्हणत्यात, जेवली का? त्या तिकडून म्हणत्यात, तुमाला काय करायचंय? झालं, एवढंच बोलणं. दोघं भाऊ तर तेवढंबी बोलत नायत. ताई, हे इंजिन मोठ्या दारानंच जाऊंद्या."

"पण मोठं दार भिंतीच्या पलीकडं आहे."

"हौ," शालू म्हणाली. "म्हणूनच म्हणते."

मृण्मयीनं कप उचलला, एक घोट घेतला आणि गप्प बसली. शिकलेली होती, गप्प कधी बसायचं तेही तिला कळत होतं.

इकडं अजिनाथ म्हणत होता, "आबा, वरचं थोडं खोलावं लागंल."

"खबरदार!" केरबा उठून उभाच राहिला. "टाके घातलेलं पोट परत उसवायचं नाय. मेंढरू मरतं तसं."

"आबा, हे मेंढरू नाय."

"मग घोंगडं काहून पांघरतो त्याला रातच्याला?"

अजिनाथनं टेप गुंडाळून खिशात टाकला. खरं तर त्यालाही ते खोलायचं नव्हतंच. आठवडेच्या आठवडे त्यानं त्यातला एकेक बोल्ट मापात आवळला होता. त्यानं खोलीभर नजर फिरवली, आणि ती जिथं जायची होती तिथंच गेली.

भिंतीवर त्यानं हाताच्या मुठीनं ठोकलं. "माय!"

"काय रं?" पलीकडून बानाबाईचा आवाज आला.

"त्याला सांग, इंजिन बाहेर न्यायचंय. त्याच्या दारातनं."

भिंतीतून सगळं स्वच्छ ऐकू जात होतं. रामेश्वर तिकडं खुर्चीत बसलेला होता, तो खाकरलेलाही इकडं कळायचा. तरी बानाबाईनं निरोप पोचवला. "रामा, त्यो म्हणतोय इंजिन आपल्या दारातनं न्यायचं."

"त्याला म्हणा, मधी भिंत हाय."

"अजिनाथ, त्यो म्हणतोय मधी भिंत हाय."

"त्याला म्हणावं, कुणी बांधली?"

"रामा, त्यो ईचारतोय—"

"ऐकलं मी, माय!"

"मग मला कशाला बोलायला लावता रं दोघं?" बानाबाई भडकली. "माझा घसा काय लाउडस्पीकर हाय?"

मग रामेश्वरचा आवाज आला, मुद्दाम मोठा, वाटाघाटीचा. "माय, त्याला सांग. इंजिन तिथंच चालू करून दाखवायचं. समद्यांदेखत. चाललं तर मी माझ्या हातानं भिंतीला भगदाड पाडून देतो. नाय चाललं तर उद्या भंगारवाल्याला बोलावतो, आन परत या घरात ट्रकचं नाव काढायचं नाय."

"मंजूर!" अजिनाथ म्हणाला, निरोपाची वाट न बघता.

शालूनं मनातल्या मनात हिशोब केला. इंजिन चाललं तर भिंतीला भोक पडेल, हे ठीक. पण नाही चाललं तर? अजिनाथ गेलं वर्षभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून जात होता आणि परत आल्यावर न जेवता या लोखंडापाशी बसत होता. त्याचं सगळं या एका सुरू होण्यावर होतं. आणि इतक्या सोप्या उपायावर तिनं स्वतःच माती टाकली होती. मृण्मयीकडं तिनं बघितलं. मृण्मयी नखं खात होती.

"घरात चालू करणं बरोबर नाही," ती एवढंच म्हणाली. "धूर तरी बाहेर सोडा. सगळ्या खिडक्या उघडा."

मग घराची जी तयारी झाली ती लग्नघरालाही लाजवील अशी. धुराच्या नळीला पत्र्याचा पाइप जोडून तो खिडकीतून बाहेर काढला. इंजिन गार ठेवायला रेडिएटरच्या जागी पाण्याचं पिंप आलं. डिझेलचा कॅन देव्हाऱ्याच्या फळीवर उंच ठेवला, कारण डिझेल वरून खाली यायला पाहिजे होतं. देव तेवढ्यापुरते शालूनं स्वयंपाकघरात हलवले. फळीवरची भांडी उतरवली. बॅटरी आली. लोखंडी घोडीच्या पायांना केरबानं दगड लावले आणि मूठभर भंडारा इंजिनावर उधळला. मृण्मयीच्या चष्म्यावरही पडला. तिनं तो पुसला नाही, कदाचित तिलाही वाटलं असावं की आता जे मिळेल ते घ्यावं.

"शीला!" शालूनं जावेला हाक मारली. भिंत उभी राहिल्यापासून दोघी मागच्या अंगणात धुणं वाळत घालताना बोलायच्या, नवऱ्यांच्या नकळत. आज तिला फक्त सांगायचं होतं, घाबरू नको म्हणून.

"ऐकतीया, ताई," पलीकडून शीला म्हणाली. आवाज विचित्र होता, हसू दाबल्यासारखा. "करा चालू. आमी तयार हाव." आणि लगेच, "अहो! जरा आत या. गॅसचं बटन फिरंना. आत्याबाई, तुमीबी या, डाळीला मीठ बघा."

"आत्ताच?" रामेश्वरचा आवाज.

"आत्ताच! डाळ काय तुमच्या इंजिनासाठी थांबणार हाय?"

खुर्ची सरकली. पावलं आत गेली. अजिनाथनं डोळे मिटले आणि स्टार्टरची तार जोडली.

इंजिन कण्हलं. एक गिरकी, दोन. थांबलं. केरबानं ओठातल्या ओठात देवाचं नाव घेतलं. अजिनाथनं कपाळावरचा घाम पुसला, पुन्हा तार लावली. इंजिन खोकलं, खिडकीतून काळ्या धुराचा एक गोळा बाहेर गेला, आणि मग—

मग ते बोललं. आधी खर्जात, जमिनीखालून येतंय असं. शालूच्या पायांच्या तळव्यांत ते शिरलं, गुडघ्यांत आलं, दातांत आलं. पिंपातल्या पाण्यावर बारीक लाटा उठल्या. केरबा आनंदानं काहीतरी ओरडला पण कुणाला ऐकू आलं नाही. अजिनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, आणि हसत हसत त्यानं रेस दिली.

टर्बोची शीळ घरभर घुमली. स्वयंपाकघरातले देव एकमेकांवर आपटले. भिंतीवरचं कॅलेंडर घड्याळाच्या लंबकासारखं झुलू लागलं. शालूनं बघितलं, कॅलेंडर नव्हे, भिंतच झुलत होती. विटांच्या फटींतून सिमेंट पिठासारखं गळत होतं.

"मामा, मागं या!" तिनं केरबाला दंडाला धरून ओढलं. मृण्मयीनं अजिनाथचा सदरा खेचला.

भिंत आधी जराशी वाकली, मग दिवसभर राबलेली म्हैस बसते तशी, अंग टाकून, सावकाश, रामेश्वरच्या खोलीकडं खाली बसली. मोठा आवाजही आला नाही; इंजिनानं तो गिळून टाकला. लाल धुळीचा एक ढग उठला आणि उघड्या खिडक्यांतून निघून गेला.

अजिनाथनं डिझेल बंद केलं.

एवढी शांतता त्या घरात कित्येक महिन्यांत झाली नव्हती. धूळ खाली बसली तसं पलीकडचं सगळं दिसू लागलं: मोठं दुहेरी दार, कोपऱ्यातली शिलाई मशीन, आणि स्वयंपाकघराच्या दारात एकापाठोपाठ उभे असलेले रामेश्वर, शीला आणि हातात डाव घेतलेली बानाबाई.

"चाललं का?" बानाबाईनं विचारलं.

"चाललं," केरबा म्हणाला.

"ऐकू आलं मला." ती विटांवरून पाय उचलून टाकत नवऱ्याजवळ आली, पदरानं त्याच्या टोपीवरची धूळ झटकली. "जेवलात का?"

"तुला काय करायचंय?" केरबा म्हणाला, आणि म्हातारी इतकी हसली की तिला विटांच्या ढिगावर बसावं लागलं.

रामेश्वर मात्र तसाच उभा होता. आपल्या हातच्या भिंतीकडं बघत. त्यानं एक वीट उचलली, अंगठ्यानं तिच्यावरचं सिमेंट दाबलं. ते वाळूसारखं सुटून खाली पडलं. त्यानं शीलाकडं बघितलं. शीला तातडीनं डाळ बघायला गेली.

शालू तिच्या मागोमाग गेली. आणि तिथं तिला टीव्ही दिसला. एरवी तो त्या पडलेल्या भिंतीलाच टांगलेला असायचा. आज तो पिठाच्या डब्यांच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला होता.

"शीले," शालू म्हणाली.

शीला डाळ ढवळत राहिली. "भिंत बांधली की वर आठ-पंधरा दिवस पाणी मारावं लागतं ना, ताई. नायतर सिमेंट धरत नाय. ते काम यांनी माझ्याकडं दिलं होतं." तिनं आच बारीक केली. "मी बादली भरून न्यायची. आन झाडांना घालायची."

शालूनं जावेच्या गळ्यात हात टाकला. डाळ लागली, पण त्या दिवशी त्या डाळीला कुणी नावं ठेवली नाहीत.

दुपारी इंजिन मोठ्या दारातून बाहेर गेलं. दोघा भावांनी दोन बाजूंनी धरलं होतं. तरी एकमेकांशी ते बोलत नव्हते. "माय, त्याला म्हणावं उजवीकडं दाब." "माय, त्याला सांग माझं बोट चेंगरलं." भिंत पडली होती, पण अजून सवय पडायची होती.

आठवडाभरात इंजिन ट्रकात बसलं. गुरुवारी मेंढरं भरली. खुलताबादच्या एका शेतकऱ्याच्या रानात ती लेंडीखतासाठी रात्री बसवायची होती. अजिनाथ स्टेअरिंगला. त्याच्या शेजारी शालू, मग रामेश्वर. तो आईनं दरडावलं म्हणून आला होता. खिडकीशी खुद्द बानाबाई. केरबा मागं, मेंढरांत.

दौलताबाद मागं पडलं, चढण आली. ट्रक क्षणभर हळू झाला तेवढ्यात केरबा मागून खाली उतरला. ही त्याची जुनी रीत होती. जनावर चढणीला लागलं की वर बसून राहू नये, असं तो म्हणायचा. जुना ट्रक घाटात इतका कुथायचा की म्हातारा त्याच्या बाजूला हात ठेवून बरोबरीनं चालायचा, गप्पा मारत. तो उतरल्याचं कुणाला कळलं नाही. अजिनाथनं गिअर बदलला आणि पाय दाबला.

टर्बोची शीळ आली आणि बानाबाई निघाली. मागच्या वर्षी जिथं तेल सांडलं होतं ते वळण कधी गेलं तेही कळलं नाही. पुढचा एक मालट्रक त्यांनी मागं टाकला. बानाबाईनं खिडकीतून त्या ड्रायव्हरकडं असं बघितलं की जणू ट्रक ती स्वतःच ओढतेय. अजिनाथ गाणं म्हणू लागला.

रामेश्वर आईच्या खिडकीबाहेरच्या आरशात बघत होता. एकदम तो सरळ झाला.

"दादा! आबा खाली राह्यले!"

अजिनाथचं गाणं थांबलं. "काय म्हणला?"

"आबा! मागं! रस्त्यात चालायलेत!"

"त्याच्या आधी काय म्हणला?"

"दादा म्हणलं! थांबव की गाडी!"

अजिनाथनं ब्रेक दाबला. ट्रक चढणीवर उभा राहिला, नाक आभाळाकडं, मागं खच्चून मेंढरं. आणि मग दोघांच्याही एकदम ध्यानात आलं. जुनी गाडी या घाटात एकदा थांबली की पुन्हा उचलायची नाही, मागं घरंगळायची. म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी इथं कधी ती थांबवलीच नव्हती. रामेश्वरनं न सांगता आईला ओलांडून उडी मारली आणि मागच्या चाकाखाली दगड सारला.

केरबा आला तो लालबुंद होऊन, वाटेत जेवढे आठवतील तेवढे शब्द वापरत. बानाबाईनं त्याला हाताला धरून केबिनमध्ये ओढलं. पाचजणं दाटीवाटीनं बसली. मेंढरं मागं बें-बें करत होती.

"आता?" रामेश्वर म्हणाला.

"आता बघू," अजिनाथ म्हणाला. त्यानं पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. शालूनं डोळे मिटले. ट्रक थरथरला, दबला, आणि मग एका दमात, जरासुद्धा मागं न घरंगळता, वर चालू लागला.

मग केरबा म्हणाला, "हळू घे रं जरा. पोटात गोळा येतो."

"आबा उतरले ते तुला दिसलं कसं नाय?" अजिनाथनं भावाला विचारलं.

"मला? गाडी कोण चालवायलं? आरसा कुणाच्या बाजूला हाय?"

"आरसा दोनी बाजूंनी हाय!"

"मग तू तुझ्या बाजूचा काहून नाय बघितला? गाणं म्हणत होता नुसतं!"

दोघं वरच्या पट्टीत भांडू लागले, थेट एकमेकांशी, मधी कुणाला न घेता. शालूच्या एका कानात एक ओरडत होता, दुसऱ्या कानात दुसरा. बानाबाईनं तोंड उघडलं तशी शालूनं रामेश्वरवरून हात नेऊन तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"राहूंद्या, आत्याबाई," ती म्हणाली. "भांडू द्या."